डाळिंबी शालीचे चार कोपरे

कुत्रं घरात येणार नाही, हा ठराव पिंपळे सौदागरच्या त्या घरात एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सालापासून टिकून होता. त्या साली गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया एका काळ्या कुत्र्यानं ओल्या असतानाच खाल्ल्या. पुढं शेत गेलं, गोठ्याच्या जागी चार मजली इमारत आली, वरच्या तीन मजल्यांवर भाडेकरू आले, पण मंजुळाबाईंच्या मनातून त्या कुरडया काही गेल्या नाहीत. त्यामुळं त्यांची लेक सायली सोमवारी जेवताना म्हणाली की एक अपघातातली कुत्री दोन महिने आपल्याकडं ठेवू या, तेव्हा त्यांनी ताटातून मानही वर केली नाही.

"ठेव की. मग आमी कुठं राह्यचं ते बी सांग," त्या म्हणाल्या.

सायलीला हे उत्तर अपेक्षितच होतं. तिनं लगेच पुढचं सांगितलं. घरात न ठेवताही पुष्कळ करता येतं म्हणे. जुने कपडे द्यायचे, रद्दी द्यायची, कुणाला डॉक्टरकडं न्यायला गाडी द्यायची, आणि अगदीच काही नाही तर निदान कुत्र्यांचे फोटो चार लोकांना पाठवायचे, म्हणजे त्यांना घर मिळतं.

इथं लक्ष्मणरावांचा घास हातातच राहिला. लक्ष्मणराव म्हणजे सायलीचे वडील. रस्त्यात कुठंही खड्डा खणलेला दिसला की गाडी थांबवून आत कोणता पाइप चाललाय ते बघणारा माणूस. कुत्रं गाडीत पुढं बसतं की मागं? रद्दीचं ते काय करतात? जुना कपडा म्हणजे किती जुना? सायलीला सगळी उत्तरं येईनात. तेव्हा मंगळवारी सकाळी त्यांनी स्कूटर काढली आणि ते चाकणच्या अलीकडं, कुरुळीतल्या, सायलीनं सांगितलेल्या कुत्र्यांच्या शेडवर जाऊन धडकले.

शेड चालवणारी मंडळी आसपासच्या कंपन्यांतली होती. शिफ्ट सुटली की यायची, भात शिजवायची, जखमा धुवायची. त्यांची पुढारी विजयश्री नावाची लातूरकडची मुलगी होती. कंपनीत ती सुटे भाग तपासायची आणि इथं माणसं तपासायची. लक्ष्मणरावांचे सतरा प्रश्न तिनं न कंटाळता ऐकले. कुत्र्यांची नावंही जिथं जशी सापडली त्यावरून होती. पायाला प्लास्टर घातलेली, कोपऱ्यात तोंड भिंतीकडं करून पडलेली एक तांबूस कुत्री 'ओव्हरटाइम' होती, कारण ती विजयश्रीला ओव्हरटाइम करून परतताना हायवेवर सापडली होती. तीन दिवस तिनं अन्नाला तोंड लावलं नव्हतं.

"पांघरायला काय चालतं हिला?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

"जाड पाहिजे बघा काका. जरीची नको, टोचतीय. आणि गोंडे तर अजिबात नको. गोंडा गिळला की डॉक्टरकडं पळावं लागतंय."

लक्ष्मणरावांना एकदम आपलं कपाट आठवलं. पांढऱ्या भरघोस मिशा, सहा फूट उंची आणि कुणाशी वैर नाही, एवढ्या भांडवलावर परिसरातल्या प्रत्येक स्टेजवर त्यांचा सत्कार व्हायचा. कुणा भावी नगरसेवकाचा वाढदिवस असो की सोसायटीच्या बोअरवेलचं पूजन, लक्ष्मणराव शाल आणि नारळ घेऊनच घरी यायचे. नारळ संपायचे, शाली साठायच्या.

आता या शालींचा कारभार मंजुळाबाईंकडं होता आणि तो त्यांनी कुणाला कधी उलगडून सांगितला नव्हता. आलेली शाल त्या घडी न मोडता ठेवायच्या आणि वर दिसणाऱ्या कोपऱ्यात एक बारीक टाका घालायच्या. माहेरहून आलेलीला पिवळा दोरा, भावकीतलीला निळा, नव्या पाहुण्यांच्या घरचीला हिरवा. म्हणजे पुढं कुणाला मानाची शाल द्यायची वेळ आली की ज्याची त्यालाच परत जायला नको. देताना तेवढा दोरा उसवला की झालं. यात लबाडी काही नाही, घरोघरी मातीच्या चुली.

बुधवारी मंजुळाबाई भिशीला गेल्या आणि लक्ष्मणरावांनी कपाट उघडलं. सत्काराच्या शाली त्यांनी एकेक करून स्वतःच्या हातावर गुंडाळून पाहिल्या. बहुतेक पातळ निघाल्या, वर जर. जाड, मऊ आणि बिनजरीची एकच होती, डाळिंबी रंगाची. तिला गोंडे होते, ते त्यांनी कात्रीनं साफ काढले. कोपऱ्यांतले रंगीत दोरे त्यांना दिसले, पण ते कारखान्याची खूण असेल म्हणून सोडून दिले. शाल शेडवर पोचली. ओव्हरटाइमनं ती हुंगली, तीनदा गोल फिरली, तिच्यावर बसली आणि अर्ध्या तासानं वाटीभर भात खाल्ला. लक्ष्मणरावांचे डोळे भरून आले. त्यांनी फोटो काढला.

गुरुवारी त्यांनी तो फोटो, खाली शेडचा पत्ता आणि 'हिला घर हवे आहे' असं लिहून, ओळखीच्या सगळ्या ग्रुपांवर पाठवला. ग्रुप अकरा होते. त्यातला एक सायलीच्या साखरपुड्याचा होता.

मंजुळाबाईंनी फोटो बघितला तेव्हा त्या कणीक मळत होत्या. त्यांनी हात धुतले, चष्मा लावला, पुन्हा बघितला. मग कपाटाकडं जाऊन आल्या आणि शांतपणे नवऱ्यासमोर बसल्या. ही शाल मागच्याच महिन्यात सायलीची सुपारी फुटली तेव्हा होणारे व्याही सयाजीराव यांनी आपल्या हातानं लक्ष्मणरावांच्या खांद्यावर घातली होती. व्याह्यांचा मान कुत्र्याच्या अंगाखाली, आणि त्याचा फोटो व्याह्यांच्याच मोबाइलवर. रविवारी साखरपुडा होता.

लक्ष्मणरावांनी फोटो पुसायला घेतला, पण तोवर त्याखाली सयाजीरावांच्या बायकोचा, भिमाबाईंचा, जोडलेल्या हातांचा इमोजी आला होता. शुक्रवारी सकाळी त्यांचा फोनही आला.

"इहीणबाई, फोटू बघितला. ग्वाड हाय कुत्री," भिमाबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "आन् रविवारी इवायांना आमची ती डाळिंबी शाल पांघरून आणा बरं का. फोटूत उठून दिसंल."

मंजुळाबाईंनी "व्हय व्हय" म्हणून फोन ठेवला. विहिणीनं शाल ओळखली होती की नव्हती? ओळखून टोमणा मारला की न ओळखता प्रेमानं सांगितलं? सायलीनं एवढंच म्हटलं की तिचा होणारा नवरा अजिंक्य असल्या गोष्टी मनाला लावून घेणारा नाही. पण ते सांगताना ती तोच फोटो पुन्हा पुन्हा उघडून बघत होती. अजिंक्य तिला फार आवडला होता, आणि लग्नं मुलांमुळं कमी, मानपानामुळं जास्त मोडतात हे तिला माहीत होतं.

दुपारी नवरा-बायको फोटो घेऊन पिंपरीच्या बाजारात सहा दुकानं फिरले. तशी शाल मिळेना. सहाव्या दुकानदारानं फोटो मोठा करून बघितला आणि मान हलवली. हा माल बंद होऊन आठ-दहा वर्षं झाली, असं तो म्हणाला. मंजुळाबाई घाबरून गेलेल्या, त्यांनी ते ऐकलंच नाही. लक्ष्मणरावांनी मात्र ऐकलं. दहा वर्षांपूर्वी बंद झालेली शाल मागच्या महिन्यात नवी कशी घेतली असेल? हा प्रश्न त्यांना रात्री जेवतानाही छळत राहिला. पण बायकोचा चेहरा बघून तो त्यांनी भाकरीबरोबर गिळला.

शनिवारी सकाळी दोघंही शेडवर हजर झाले. विजयश्रीनं सगळं ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, "मावशी, शाल तुमचीच हाय. पण चार दिवस उपाशी राहून ह्या शालीवरच पहिल्यांदा जेवलीय ती. तिच्या अंगाखालनं मी ओढणार नाही. तिनं उठून दिली तर घ्या."

ओव्हरटाइमनं एकदा डोळा उघडला, मंजुळाबाईंकडं बघितलं आणि हनुवटी शालीवर आणखी घट्ट टेकवली. मंजुळाबाई दहा हातांवर स्टुलावर बसल्या. लक्ष्मणराव बिस्किट दाखवून आले, भात दाखवून आले. ओव्हरटाइमनं बसल्या जागी दोन्ही खाल्लं. तासाभरानं मंजुळाबाईंचं स्टूल पाच हातांवर आलं होतं. ओव्हरटाइमच्या प्लास्टरवर माशा बसत होत्या, त्या त्यांना बघवेनात. पदरानं वारा घालता घालता त्या जमिनीवर कधी बसल्या, ते त्यांनाही कळलं नाही.

तेवढ्यात दारात गाडी थांबली आणि सयाजीराव व भिमाबाई आत आले.  सयाजीराव म्हणाले, सहज आलो. लक्ष्मणराव म्हणाले, आम्हीपण सहजच. भिमाबाईंच्या काखेत एक पिशवी होती आणि पिशवीत छोटी कात्री. लक्ष्मणरावांना कात्री दिसली आणि त्यांच्याच्यानं राहवलं नाही.

"कात्री कशाला वो, इहीणबाई?"

भिमाबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. सयाजीरावांनी छताकडं बघितलं. मग भिमाबाई खाली बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "कोपऱ्यात आमचा काळा दोरा ऱ्हायलाय. महिनाभर झोप न्हाई मला."

कपाट भिमाबाईंचंही होतं आणि खुणेचा दोराही. दिलेली शाल मुळात आलेली होती, आणि दोरा उसवायचा विसर पडला होता. रविवारी लक्ष्मणरावांच्या खांद्यावर हात ठेवायच्या निमित्तानं तो कापून घ्यायचा त्यांचा बेत होता. कुत्रीखालची शाल तीच आहे, हे शुक्रवारी संध्याकाळी अजिंक्यनं फोटो मोठा करून दाखवला तेव्हा कुठं त्यांना कळलं. शेडवाल्यांनी दोरा बघितला आणि चारचौघांत बोलले तर काय, म्हणून त्या सकाळीच निघाल्या.

 मंजुळाबाईंनी ओव्हरटाइमच्या शेपटाकडचा कोपरा उलटला. तिथं हिरवा दोरा होता, त्यांनी मागच्या महिन्यात घातलेला. पलीकडच्या कोपऱ्यात भिमाबाईंचा काळा. आणि पुढच्या पंजाखालून तिसरा कोपरा वर आला तेव्हा मंजुळाबाईंचा हात तसाच थांबला. तिथं पिवळा दोरा होता. माहेरचा. टाका त्यांचाच, दुहेरी गाठीचा.

"ही माझ्या भावानं दिलेली," त्या म्हणाल्या. "मी दिली ह्यांच्या आत्याच्या घरी. दोरा तसाच ऱ्हायला वाटतं."

मग हिशेब लागत गेला. आत्याच्या घरून ती चिखलीच्या कुणा सरपंचांकडं गेली असावी, तिथून भिमाबाईंच्या दिराकडं, तिथून सयाजीरावांकडं आणि फिरून पुन्हा लक्ष्मणरावांकडं. दहा वर्षं, पाच घरं, आणि एकानंही ती थंडीत पांघरली नव्हती. आधी भिमाबाईंना हसू फुटलं, मग मंजुळाबाईंना, आणि दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून इतक्या हसल्या की शेडमधली बाकीची कुत्री भुंकायला लागली. ओव्हरटाइम तेवढी भुंकली नाही.

"पण तुमच्या भावाला कुणी दिलेली?" लक्ष्मणरावांनी विचारलं आणि ते चौथा कोपरा शोधायला लागले. चौथा कोपरा नव्हता. ओव्हरटाइमनं तो चावून टाकला होता. लक्ष्मणरावांना आजही त्याची चुटपुट लागून आहे.

शाल तिथंच राहिली. निघताना मंजुळाबाईंनी विजयश्रीला विचारलं की पातळ शाली पाच-सहा एकावर एक घालून शिवल्या तर चालतील का, त्यांवरची जर मी उसवून आणीन. मग गाडीत बसताना कुणी विचारलं नव्हतं तरी म्हणाल्या, "घरात न्हाई हां. हितं येऊन करीन."

रविवारी साखरपुडा थाटात झाला. सायली आणि अजिंक्यनं अंगठ्या घातल्या, पेढे वाटले गेले आणि माइकवरून मानपानाची नावं पुकारली गेली. सयाजीराव उठले आणि त्यांनी लक्ष्मणरावांच्या खांद्यावर एक नवी निळी शाल घातली. टाळ्या पडल्या. लक्ष्मणरावांची बोटं सवयीनं शालीवरून फिरली. जाड होती, मऊ होती, जर कुठंच नव्हती. त्यांनी हळूच कड चाचपली आणि चमकून व्याह्यांकडं बघितलं.

सयाजीरावांनी फोटोसाठी हसरा चेहरा तसाच ठेवला आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "गोंडे आदीच काढून आणलेत."