सहा भागांतले पाच

अर्धा अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश, असं मी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी नातीला छातीठोकपणे शिकवलं. वरच्याची वर बेरीज, खालच्याची खाली. त्यात काय एवढं? पावकी-पाऊणकी तोंडपाठ असल्याचा माज होता मला. दहा वर्षांच्या इराने ते वर्गात फळ्यावर सोडवलं. पोरं हसली. घरी येऊन तिने दप्तर कोपऱ्यात टाकलं आणि म्हणाली, "आज्जी, आय अ‍ॅम थिक." थिक म्हणजे ढ. यापुढे गणित बंद.

ढ मी आणि शिक्का तिच्यावर! हे निस्तरायचंच म्हणून मी तिला शेजारच्या लिनबाईंकडे ओढत नेलं.

इकडे परदेशात, डून लेरी गावात, आम्ही दोघीही मुलांकडे राहायला आलेल्या. लिनबाई चीनमध्ये तीस वर्षं गणित शिकवत; इथे मुलगा-सून कामावर गेले की कोबी चिरत. आमचं इंग्रजी सारखंच मोडकं, म्हणून छान जमायचं. त्यांच्या भाषेत अपूर्णांक खालून वर वाचतात, आधी एकूण भाग, मग आपले. बाई सगळंच तसं बोलायच्या. पोस्टमन "ग्रँड डे", म्हणजे आज हवा झकास, असं म्हणाला की त्याला थांबवून सांगायच्या, "सात दिवसांतला एक."

माझं गणित त्यांनी पाहिलं. हसल्या नाहीत.

"चूक कोणाची?"

"माझी."

"छान. उभ्या राहा. वर्गाला वाचून दाखवा."

वर्ग म्हणजे इरा आणि भाताचा कुकर. मी वाचलं, त्यांच्या पद्धतीने: दोन भागांतला एक, अधिक तीन भागांतला एक. आणि अडकले. भागच वेगवेगळे, तर मिळवू काय?

लिनबाईंनी दोन सारखे कागद पुढे सरकवले. इराने एकाची दोनात घडी घातली, दुसऱ्याची तीनात. मग बराच वेळ बघत बसली. मी तोंड उघडलं, तर बाईंनी माझ्या हातात कोबी दिला. शेवटी पोरीने दोन्ही कागद पुन्हा दुमडले, सहा-सहा भाग होईपर्यंत.

"सहा भागांतले पाच," ती हळूच म्हणाली.

"आता दुसऱ्या रीतीने," लिनबाई म्हणाल्या. मग तिसऱ्या. तोवर सुटका नाही.

पुढे दर मंगळवार-शुक्रवार हेच. इरा फळ्याकडे आपणहून जायला लागली. पोस्टमनला आता उत्तर मिळायचं, "सात दिवसांतले दोन." तो बिचारा आभाळाकडे बघायचा. मीही.

वर्गाची चाचणी झाली. इराचं एकही गणित चुकलं नाही. मी बेसनाचे लाडू घेऊन आभार मानायला गेले आणि मोठ्या उदारपणे सांगितलं, की आता तुम्हाला त्रास नको, अपूर्णांक संपले.

लिनबाई घडीचे कागद पाकिटात भरत होत्या. हात थांबला.

"दशांश येतात तिला?"

"येतात."

त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं, लाडवांचा डबा माझ्याकडे परत सरकवला आणि म्हणाल्या, "मग तुम्हाला येत नाहीत, असं सांगा. मंगळवारी दोघी या."