बिनपंपाचं गाणं

एका गाण्याच्या चार फायली कशाला लागतात, हे सगळ्या सोसायटीत आपल्या एकट्यालाच कळतं, याबद्दल नंदकिशोरांना काही शंका उरली नव्हती. म्हणून वर्धापनदिनाला गाणं लावायचं काम त्यांनी मागून घेतलं. सेक्रेटरी सिताराम म्हणाले, साउंडवाला आहे की, तो लावेल.

"त्याला त्यातलं काय कळतंय? मी लावतो," नंदकिशोर म्हणाले.

गाणं त्यांच्या मुलीचं होतं. अबोली पुण्याला नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात रॅप करायची. आई गेल्यावर वर्षभर ती आईविषयी एक अक्षरही बोलली नाही. मग एकदम तिने सिंगल, म्हणजे एकच सुटं गाणं काढलं, आणि त्यात आईचा खराखुरा आवाज घातला.

तो आवाज सोसायटीत सगळ्यांना पाठ होता. खारघरच्या त्या इमारतीत पाणी दिवसातून एकदा, अर्धा तास. वेळ मात्र ठरलेली नाही. खालची टाकी भरली की वॉचमन धनाजी पंप लावायचा आणि व्हॉल्व्ह सोडायचा. पंपाची खोली अबोलीच्या आईच्या, वैजयंतीच्या, स्वयंपाकघराच्या बरोबर खाली होती. पंप धडधडला की ती पोळी तव्यावर तशीच सोडून फोन उचलायची आणि बायकांच्या ग्रुपवर बोलून निरोप टाकायची, "पाणी आलं गं! सोडा नळ!" सातही मजल्यांवर भांडी वाजायला लागायची. ती गेल्यावर ग्रुपवर लिहून निरोप येऊ लागले. ते कोणी वाचत नसे. अर्ध्या सोसायटीचं पाणी रोज चुकत होतं.

अबोलीने ते जुने निरोप गोळा केले. दिवाळे गावातला तिचा मित्र दिपेश येऊन पंपाची धडधड रेकॉर्ड करून गेला, आणि त्याच धडधडीचा त्याने ठेका बांधला.

नंदकिशोरांकडे वैजयंतीचा एकही निरोप नव्हता. घरातल्या घरात नवऱ्याला निरोप कोण पाठवतं? तिची वाक्यं त्यांना सगळी आठवायची. पण अलीकडे ती वाक्यं त्यांना स्वतःच्याच आवाजात ऐकू यायला लागली होती, आणि याची त्यांना फार भीती वाटत होती. तिचा आवाज एकदा मोठ्या स्पीकरवर, चार लोकांत, पूर्वीसारखा इमारतभर घुमावा, एवढंच त्यांना हवं होतं.

अबोलीने चार फायली पाठवल्या तेव्हा आधी ते वैतागले होते. त्यांनी सगळी नोकरी नावड्याजवळच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली होती. एकाच मालाचे चार नग चार नावांनी आले की तिथे चौकशी लागायची. त्यांनी फोन केला. म्हणाले, सिंगल म्हणतेस आणि चार पाठवतेस?

अबोलीने समजावलं. एक मूळ गाणं. एक रेडिओसाठी, शिव्या काढलेलं. एक नुसता ठेका, म्हणजे त्यावर दुसऱ्या कोणालाही आपलं रॅप करता येतं, नाचता येतं. आणि एक नुसता आईचा आवाज, म्हणजे दुसऱ्या कोणाला त्याखाली आपला ठेका घालता येतो.

"बाबा, आई नाही का एकाच कुकरच्या वरणातून आजीचं अळणी काढायची, माझं साधं, आणि तुमच्या वाटणीला फोडणी द्यायची? तसंच."

नंदकिशोरांना लख्ख कळलं. त्या दिवशी त्यांनी लिफ्टमध्ये भेटेल त्याला वरणाचा सिद्धांत सांगितला. तळमजल्याच्या गोजराआजींना तर दोनदा सांगितला.

सितारामांनी फक्त शिव्यांचं विचारलं होतं. शिवी एकच होती. "त्या धनाजीने मेल्याने परत अर्धाच व्हॉल्व्ह सोडलाय," असं वैजयंती एका निरोपात म्हणाली होती. रेडिओच्या फायलीत 'मेल्याने'च्या जागी रिकामी जागा होती. नंदकिशोरांनी ती ऐकली आणि त्यांना धसकाच बसला. रिकाम्या जागी माणूस काय वाटेल ते भरतो. त्यापेक्षा मूळ गाणं बरं, असं त्यांनी ठरवलं, आणि खुद्द धनाजीची परवानगी घेतली. धनाजी म्हणाला, ताई मला मेल्या म्हणायच्या त्या दिवशी डबा पण द्यायच्या.

वर्धापनदिनाच्या संध्याकाळी सगळी सोसायटी हॉलमध्ये जमली. टेकडीमागे ऊन उतरत होतं, खिडक्यांतून पिवळा उजेड खुर्च्यांवर येऊन बसला होता. नंदकिशोर इस्त्रीचा शर्ट घालून यंत्रापाशी उभे राहिले. चार शब्द बोलले, पेन ड्राइव्ह लावला. यंत्रावर फायलींची नावं दिसत नव्हती, नुसते आकडे दिसत होते. अबोलीने मूळ गाणं पहिलं ठेवलं होतं, म्हणून त्यांनी पहिला आकडा दाबला. यंत्राने आपल्या मनाने क्रम बदलला असेल, हे स्टोअरमध्ये हयात घालवलेल्या माणसाच्या स्वप्नातही आलं नाही.

पंपाची धडधड सुरू झाली. नंदकिशोर डोळे मिटून वैजयंतीची वाट पाहू लागले. धडधड चालूच राहिली. नुसत्या ठेक्याची फाइल होती ती. मागच्या रांगेत बायका चुळबुळ करायला लागल्या. एक-दोघींनी पर्स उचलल्या.

"पंप लागला हाय गो," गोजराआजी शेजारणीला म्हणाल्या.

नंदकिशोरांना चूक कळली. त्यांनी घाईत दुसरा आकडा दाबला, आणि ती नेमकी नुसत्या आवाजाची फाइल निघाली.

"पाणी आलं गं! सोडा नळ!"

ना ठेका, ना रॅप. वर्षापूर्वी गेलेली वैजयंती भिंती हलतील अशा आवाजात सांगत होती की पाणी आलं. कुणीही विचार केला नाही. हात-पाय विचाराच्या आधीच उठले. खुर्च्या सरकल्या, चपला अदलाबदल झाल्या, लिफ्ट भरली म्हणून लोक जिन्याने पळाले. साउंडवाला कोपरखैरण्याचा होता, त्याचा इथे नळही नव्हता, तोही पळाला. सर्वांत पुढे सिताराम होते.

हॉल रिकामा झाला. नंदकिशोर एकटे उरले. बंद करायला त्यांनी हात पुढे केला आणि तो तसाच राहिला.

आवाज चालू होता. मूळ गाणं त्यांनी घरी कितीतरी वेळा ऐकलं होतं, पण पंपाच्या ठेक्याखाली हे सगळं बुडालेलं होतं. आता तिचा श्वास ऐकू येत होता. तव्यावर उलथनं टेकल्याचा आवाज होता. मागे कुकर कुरकुरत होता. एका निरोपाच्या शेवटी, फोनपासून तोंड वळवून, ग्रुपसाठी नसलेलं काहीतरी ती हळूच म्हणाली होती.

"अहो, ऐकताय ना? आपला नळ सोडा आधी."

ते खुर्चीवर बसले. पिवळा उजेड पायांपर्यंत आला होता. "ऐकतोय," ते म्हणाले, आणि पुन्हा तोच आकडा दाबला.

वर सातही मजल्यांवर नळ उघडले होते आणि त्यांतून नुसती हवा येत होती. दहा मिनिटं वाट पाहून लोक चिडून खाली आले. नळ बंद करायचं बहुतेकांच्या लक्षात राहिलं नाही, कारण बंद करायला मुळात पाणीच नव्हतं. सिताराम नंदकिशोरांना म्हणाले, थट्टेलाही काही मर्यादा असते. नंदकिशोर त्यांना वरणाचा सिद्धांत सांगू लागले.

तिकडे चहाहून गेटवर परतलेल्या धनाजीनेही शेवटी शेवटी तो आवाज ऐकला होता. आपण पाणी सोडल्याशिवाय ताई कधी ओरडत नसत. म्हणजे सोडायचं आपणच विसरलो, असं त्याला वाटलं. तो धावत गेला, पंप लावला, आणि आज ताईंनी अर्धा म्हणू नये म्हणून व्हॉल्व्ह पूर्ण सोडला.

हॉलमध्ये परत धडधड ऐकू आली. या वेळी कोणी जागचं हललं नाही. "आता ते बंद करा," सिताराम दरडावून म्हणाले. नंदकिशोरांनी यंत्राची वायर काढून दाखवली. धडधड चालूच होती. जिन्यावरून पाणी पायरी-पायरीने उतरत हॉलच्या दारात आलं, तेव्हा सगळ्यांना एकदमच उघड्या नळांची आठवण झाली.

दुसऱ्या दिवशी सभा झाली. नंदकिशोर माफीचं बोलणं मनात जुळवून गेले होते. पण सितारामांची बायको प्राची उठून म्हणाली, वर्षभरात पहिल्यांदा कुणाचंही पाणी चुकलं नाही, ते आधी लिहून घ्या. ठराव झाला की जिन्यात स्पीकर लावावा आणि पाणी आलं की धनाजीने वैजयंतीताईंचा आवाज लावावा. गाणं नको, ताईंचं तेवढं. आणि लावायला नंदकिशोर नकोत.

आठवड्याने अबोलीचा फोन आला. चारही फायली उपयोगाला आल्या का, असं तिने विचारलं.

"आल्या की. एक रेडिओला, एक नाचायला, एक तुला, आणि एक पाणी भरायला," नंदकिशोर म्हणाले.

"मग आता तुमच्याकडे रोज पाणी असेल."

"म्हणजे काय," ते म्हणाले.

पाणी असेपर्यंत धनाजी तो आवाज पुन्हा पुन्हा लावायचा, आणि नुकताच तो थांबला होता. ते गॅलरीत बसून शेवटच्या 'अहो'पर्यंत ऐकत राहिले होते, रोजच्यासारखे. नळ सोडायचा राहूनच गेला होता; आता सोडला, तर त्यातून शेवटचे दोन थेंब पडले. त्यांनी फोन ठेवला, रिकामी बादली उचलली आणि प्राचीच्या दाराची बेल वाजवली. तिने त्यांच्या वाटणीची बादली भरून दारातच ठेवलेली होती.