जेवायला इकडे, राहायला तिकडे

"अहो, बाहेर या. आणि चष्मा लावून या," रत्नप्रभाबाई व्हरांड्यातून म्हणाल्या.

नीळकंठ घारपुरे चष्मा लावून बाहेर आले. समोर गुलाबाच्या कुंड्या होत्या आणि पानांच्या कडांना खाचा पडल्या होत्या. कुरतडल्यासारख्या नव्हेत. शर्टाचे बटण ठेवून ब्लेडने कापाव्यात तशा, अर्धगोल आणि स्वच्छ.

"किडा असेल."

"किड्याला कंपास कुणी दिला?"

प्रश्न बिनतोड होता. घारपुरे सरकारी कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंमध्ये चुका काढल्या होत्या आणि घरी आल्यावर रत्नप्रभाबाईंनी त्यांच्यात. ते आत जाऊन व्हर्नियर कॅलिपर घेऊन आले. लग्नानंतर एकदा त्यांनी त्याने पोळीची जाडी मोजली होती. त्यानंतर ते उपकरण घरात फारसे दिसले नव्हते. त्यांनी एकेका पानाची खाच मोजली. साडेदहा मिलिमीटर. पुढचीही साडेदहा. त्याच्या पुढचीही.

"एकही रिजेक्ट नाही," ते भारावून म्हणाले.

"तुम्ही कौतुक करताय का?"

"कौतुक नाही. पण हे जनावराचं काम नाही. हे मशीन आहे."

दोघांनीही एकाच वेळी मेंदीच्या कुंपणापलीकडे पाहिले. पलीकडच्या क्वार्टरमध्ये अच्युत पाचखेडे राहत. वसाहतीच्या बगीचा स्पर्धेची ढाल दर वर्षी त्यांच्याकडे जाई आणि त्यांच्या बाहेरच्या खोलीत अशी ठेवलेली असे, की ती पाहिल्याशिवाय कुणाला दूधही आणता येऊ नये. घारपुऱ्यांना दर वर्षी उत्तेजनार्थ. उत्तेजन घेऊन घेऊन रत्नप्रभाबाई थकल्या होत्या. घारपुरे मे महिन्यात निवृत्त होणार होते. मग क्वार्टर सोडायचे. कुंड्या नेता येतात, वाफे नेता येत नाहीत. म्हणजे ढाल मिळायची तर याच फेब्रुवारीत. आणि पाचखेडे कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये फोरमन होते. विजेच्या मोटारीसाठी पत्र्याच्या चकत्या कापायच्या आणि त्यांच्या कडेला एकसारख्या खाचा पाडायच्या, हे त्या शॉपचे काम. याला तिथे नॉचिंग म्हणत.

गुलाबाच्या पानांचे नॉचिंग झाले होते.

खरे तर या सगळ्याची सुरुवात लाल भोपळ्याने झाली होती. पावसाळ्यात घारपुऱ्यांच्या वेलाला ढीगभर फुले आली आणि भोपळा एकही धरला नाही. घारपुऱ्यांना कुतूहल वाटले. त्यांनी वाचन केले आणि निष्कर्ष काढला की बागेत मधमाश्या नाहीत, आणि नाहीत कारण आपण दर रविवारी फवारणी करतो. फवारणी बंद झाली. अशोका गार्डनमधल्या नर्सरीतून झिनिया आणि कॉसमॉस आले. सब्जा लावला. तुळशीच्या मंजिऱ्या खुडायच्या नाहीत, कोथिंबीर आणि मोहरी फुलावर जाऊ द्यायची, असे फर्मान निघाले. त्यामुळे पोह्यांवर घालायला कोथिंबीर विकत आणावी लागू लागली. शेवटी त्यांनी बांबूच्या पोकळ नळ्यांची मोळी बांधून व्हरांड्यात टांगली. एकेकट्या राहणाऱ्या माश्यांसाठी.

"बगीचा आहे का धरमशाळा करून राहिले?" पाचखेडे कुंपणावरून म्हणाले होते. त्यांच्याकडे विटांना गेरू, गेरूवर चुन्याची रेघ, आणि गुलाबावर औषध. मुंगीसुद्धा परवानगी काढून यायची.

आता सोमवारी घारपुऱ्यांनी एक पान डब्यात घालून नेले आणि कॅन्टीनमध्ये पाचखेड्यांसमोर ठेवले.

"हे काय आहे, ओळखता?"

पाचखेड्यांनी पान उजेडात धरले. कडेवरून अंगठा फिरवला. "वा. कडेला बर नाही, कुसळ नाही. कापायची डाय नवीन दिसून राहिली."

"साडेदहाची आहे. मोजलंय मी."

"कोणाची आहे?"

"तेच विचारतोय."

"आमच्याकडे असा माल निघत असता ना साहेब, तर तुम्ही आमचा अर्धा लॉट वापस केला असता काय?" पाचखेडे हसले आणि पान परत डब्यात ठेवून झाकण लावून दिले.

घारपुऱ्यांनी हे संभाषण घरी जसेच्या तसे सांगितले.

"म्हणजे कबूलच केलं की," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

"कुठे कबूल केलं?"

"डाय नवीन आहे हे त्यांना कसं कळलं?"

त्या संध्याकाळी पाचखेड्यांच्या बायकोची, शशिकलाबाईंची, वाटी परत गेली. त्यांनी संक्रांतीनंतर त्या वाटीतून तिळाची चटणी पाठवली होती. आलेली वाटी रिकामी परत करायची नाही, निदान चार दाणे साखर घालायची, ही रीत दोन्ही घरांनी इतकी वर्षे पाळली होती. वाटी रिकामी गेली. घासूनपुसून, चकचकीत रिकामी. शशिकलाबाईंनी ती हातात धरून उलटी करून पाहिली म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून कुंपणावरचे बोलणे बंद झाले.

घारपुरे मात्र पुरावा हवा म्हणून सकाळी व्हरांड्यात पेपर धरून बसू लागले. पाचखेडे आले नाहीत. एक माशी आली. मधमाशीएवढी, पण पोटाखाली पिवळसर. ती पानाच्या कडेवर बसली, पायांत कड धरली आणि जबड्याने कापत कापत अर्धगोल फिरली. तुकडा सुटला तशी त्याची गुंडाळी करून, पोटाखाली धरून ती उडाली. घारपुऱ्यांच्या हातातला पेपर कधीच खाली पडला होता. इतक्या वर्षांच्या नोकरीत ड्रॉइंगशिवाय इतके अचूक काम करणारे त्यांनी कुणी पाहिले नव्हते.

"माशी आहे," त्यांनी आत जाऊन सांगितले. "आपण बोलावलेली. फुलं लावली म्हणून आली."

"माशी गेली कुठे पण?"

"पाचखेड्यांच्या फाटकात."

पाचखेड्यांचे फाटक त्यांनी स्वतः पाइपांचे बनवलेले होते आणि पाइपांची तोंडे उघडी होती. माश्यांनी तिथे संसार थाटला होता. घारपुऱ्यांची बांबूची मोळी रिकामी लोंबत होती.

"म्हणजे जेवायला आपल्याकडे आणि राहायला त्यांच्याकडे," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "पाळल्या असतील त्यांनी."

"अगं, माशी कुणी पाळतं का?"

"मग बंद करायला सांगा ती भोकं."

"बोलणं बंद आहे ना आपलं?"

हा पेच रत्नप्रभाबाईंनी सोडवला. झाडांना पाणी घालताना त्या नवऱ्याला उद्देशून, पण कुंपणाच्या मापाच्या आवाजात म्हणाल्या, "काही लोकांच्या फाटकात किडे राहतात म्हणे. वरून रंग लावला की झालं."

शनिवारी पाचखेड्यांनी तारेने सगळे पाइप साफ केले, प्रत्येक तोंडावर नेमके बूच बसवले आणि वरून चंदेरी रंग दिला. पाइपांतून पानांच्या गुंडाळ्या निघाल्या, विड्यांसारख्या. त्यांनी त्या रस्त्याकडेला लोटल्या. दुपारी रस्त्यावर कुणी नाही असे पाहून घारपुरे गेले आणि त्या वेचून घेऊन आले. एक उलगडून पाहिली. आत पिवळ्या परागाचा लाडू आणि त्यावर एक बारीकसे अंडे. बाकीच्या त्यांनी एकेक करून बांबूच्या नळ्यांत सरकवल्या.

"त्यांचा कचरा आता आपल्या घरात," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. पण बाळंतिणीच्या खोलीत बोलावे तितक्याच हळू म्हणाल्या.

रविवारी स्पर्धेची पहिली फेरी होती. रत्नप्रभाबाईंनी पहाटेच सगळी कापलेली पाने खुडून टाकली. गुलाब नुकतीच मुंज झाल्यासारखे दिसू लागले. एका कुंडीत मात्र खुडायचे तर काडीच उरली असती, म्हणून ती त्यांनी कूलरच्या स्टँडमागे दडवली.

परीक्षक भार्गव मॅडम कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्या थेट स्टँडमागेच गेल्या.

"ये पीछे क्यों रखा है?"

"जी, वो खराब हो गया," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

"खराब?" मॅडम गुडघ्यावर बसल्या. "अरे, ये तो पत्ती काटनेवाली मधुमक्खी है. ज़हर छिड़का होता तो कभी न आती. पूरी टाउनशिप में यही एक बग़ीचा ज़िंदा है." त्यांनी कात्री काढून त्या कापलेल्या पानांच्या सगळ्या फांद्या कॉलेजला दाखवायला म्हणून छाटून घेतल्या. "अगले इतवार फ़ाइनल में पूरी कमेटी को लाती हूँ. ताज़े कटे पत्ते दिखाइएगा."

मग त्या पाचखेड्यांकडे गेल्या. गेरू पाहिला, चुना पाहिला, चंदेरी फाटक पाहिले. "बहुत साफ़ है," त्या म्हणाल्या. "पर यहाँ कोई रहता क्यों नहीं?"

कालपर्यंत राहत होते, हे पाचखेड्यांना सांगता येईना. त्यांचा फवारणीचा पंप त्याच दुपारी कुलपात गेला.

आठवडाभर घारपुऱ्यांकडे एकही माशी फिरकली नाही. घर गेले, त्यांनी का यावे? रत्नप्रभाबाई रोज सकाळी एकेक पान हातात घेऊन पाहत. आधी खाच दिसली तर ज्यांचा जीव जाई, त्यांचा आता दिसत नाही म्हणून जाऊ लागला.

फायनलच्या रविवारी उजाडताच घारपुऱ्यांनी ऑफिसच्या बॅगेतून पंचिंग मशीन काढले.

"हे बरोबर नाही," ते म्हणाले.

"मी पान धरते, तुम्ही दाबा," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

त्यांनी दाबले. पानाला दोन भोके पडली. पान आता फाइलला लावण्याच्या लायक झाले होते.

"ऑफिसचा पंच आहे ना तो?" कुंपणावरून आवाज आला. पाचखेडे उभे होते. हातात वाटी होती. "सहाचा असते तो. माशी साडेदहाचं काम करते."

घारपुऱ्यांनी मशीन पाठीमागे लपवले. सरकारी नोकरीत एवढी वर्षे काढून त्यांना लपवता मात्र येत नव्हते.

पाचखेडे फाटकातून आत आले आणि वाटी कठड्यावर ठेवली. वाटीत एक जाड पोलादी पंच आणि छोटी हातोडी होती. "गॅस्केटचं रबर कापायचा आहे. दहाचा होता, आतून जरासा घासून आणला. शशिकला म्हणे, नेताच तर वाटीत न्या. आमच्याकडे रिकामी वाटी नाही देत."

रत्नप्रभाबाईंनी हातातले पान खाली ठेवले. "भावजी, तुम्ही कशाला..."

"तुमचं शेवटचं साल आहे वहिनी. आमची ढाल ठेवायले जागा राहिली कुठं? आळ तर घेतलाच होता तुम्ही. म्हटलं, आता काम तरी करून टाकू."

मग काम सुरू झाले. पाचखेडे लाकडी ठोकळ्यावर पान ठेवून कडेशी पंच धरत आणि एकच ठोका देत. घारपुरे व्हर्नियर लावत.

"हे रिजेक्ट. खाच तिरकी आहे."

"अहो, माशीचा माल पास केला ना तुम्ही?"

"तिचा तिरका नव्हता."

एवढ्यात गुणगुण ऐकू आली. तिघेही होते तसे थांबले. पोटाखाली पिवळसर असलेली ती माशी व्हरांड्यात आली. त्यांनी कापलेल्या पानावर क्षणभर उतरली, कडेवरून एकदा चालली आणि उठली. बांबूच्या मोळीपाशी गेली. एका नळीत शिरली. दुसरीतून डोकावली. पहिली तिला पसंत पडलेली दिसली.

"राहायला आली," घारपुरे पुटपुटले. एवढा आनंद त्यांना प्रमोशनच्या वेळीही झाला नव्हता.

माशी नळीतून बाहेर पडली. घारपुऱ्यांच्या गुलाबांवरून गेली. तिथे मुंज झालेल्या काड्या होत्या आणि पंच केलेली पाने होती. ती कुंपण ओलांडून पलीकडे गेली. थोड्या वेळाने परत आली तेव्हा तिच्या पोटाखाली हिरव्या पानाचा गोल, ताजा तुकडा होता. पाचखेड्यांचे गुलाब आठवडाभर औषधावाचून तरारले होते. ती नळीत शिरली. तिच्यामागून दुसरी आली, तसाच तुकडा घेऊन.

पाचखेड्यांनी आधी माशीकडे पाहिले, मग कुंपणाकडे. हातातला पंच त्यांनी सावकाश खिशात घातला. हातोडीही घातली.

"चालू द्या तुमचं," ते म्हणाले. "मी जरा आमच्या गुलाबायले पाहून येतो. कमेटी किती वाजता येऊन राहिली?"

उत्तराची वाट न पाहता ते निघाले. त्यांना इतक्या भराभर चालताना वसाहतीने फक्त सुटीच्या भोंग्यानंतर पाहिले होते.

"राहायला आपल्याकडे आणि जेवायला त्यांच्याकडे," रत्नप्रभाबाई म्हणाल्या आणि कठड्यावर टेकल्या. हाताला वाटी लागली. ती तिथेच राहिली होती, रिकामी.

पलीकडून पाचखेड्यांचा आवाज आला, "शशिकला, बाहेर ये. चष्मा लावून ये."

रत्नप्रभाबाई उठल्या. आत जाऊन त्यांनी डबा उघडला आणि वाटीत रव्याचे दोन लाडू ठेवले. जरा विचार करून एक काढला. मग परत ठेवला.

"द्या, मी नेऊन देतो," घारपुरे म्हणाले.

"तुम्ही कशाला? मी जाते की."

पण घारपुऱ्यांनी वाटी घेतलीच होती. दुसऱ्या हातात व्हर्नियर होता.

"पाहून येतो," ते म्हणाले. "तिकडेही साडेदहाच निघतंय का ते."