भाव नसलेली बँक

नागावच्या रस्त्यावर आमच्या शेजारच्या फाटकाला एक काळा फळा टांगलेला असे. गजानन घरत रोज सकाळी त्यावर खडूने चार बँकांच्या शेअरचे भाव लिहीत. सुट्टीत आलेले पर्यटक गाडी थांबवून विचारत, "काका, थाली में क्या-क्या है?"

"नुकसान," काका शांतपणे सांगत. "पार्सल भी मिलेगा."

काका खताच्या कारखान्यात कॉम्प्रेसरवर होते. जन्मभर प्रेशरच्या काट्याकडे बघत बसलेला माणूस. निवृत्तीनंतर बघायला काटा उरला नाही, म्हणून त्यांनी शेअरबाजार धरला. प्रत्येक बँकेचा एकच शेअर घेतला, तोही कमवायला नव्हे, भागधारकांच्या सभेत बोलायला. डबा घेऊन मांडव्याहून बोटीने मुंबईला जायचं आणि अध्यक्षांना विचारायचं, "साहेब, झोप लागते का?" एकदा हातातला माईक काढून घेतला, तर आभारप्रदर्शन संपेपर्यंत ते तसेच उभे राहिले.

"मास्तर," ते मला म्हणत, "बँकवाला दुसऱ्याच्या पैशानं जुगार खेलतो. त्याला अडवनार कोन? भाव! भाव पडला की खुर्ची हलते, मंग शहाना होतो."

आणि एकदा तसंच झालं. फळ्यावरच्या एका बँकेने किनाऱ्यावर रिसॉर्ट बांधणाऱ्या एका बिल्डरला भरमसाट कर्ज दिलं होतं. बाजारात कुजबुज सुरू झाली, भाव रोज घसरू लागला, मोठे ठेवीदार पैसे काढून निघाले. शेवटी अध्यक्ष गेले आणि नव्या माणसाने बिल्डरचं कर्ज बंद केलं. काकांनी आळीत पेढे वाटले.

पण पुढच्याच आठवड्यात ते माझ्याकडे आले तेव्हा चेहरा उतरलेला होता.

"तिथं नल बंद झाला, तरी त्याचं बांधकाम चालूच हाय. मास्तर, पैसा देतंय कोन?"

देत होती आमची गावातली सहकारी बँक. तिचे शेअर बाजारात नव्हते, त्यामुळे भाव नव्हता. संचालक हात वर करून निवडले जात आणि सभेनंतर वडापाव मिळे. त्या वर्षीच्या सभेत काका उठले.

"आपल्या बँकेला भाव न्हाय, म्हनून तिला भ्याव न्हाय. त्या बिल्डरला किती दिलंय, येवढंच सांगा."

"घरत, तुमचा फळा आता इथं लावू का?" अध्यक्ष म्हणाले. सभागृह हसलं. मीही हसलो.

गणपती झाले, बिल्डरचं कर्ज बुडालं आणि बँकेच्या शटरवर कागद चिकटला. रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. थोडीशी रक्कम सोडली तर खात्यातून काही काढता येईना. माझ्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन राहिलं. ते काहीच नव्हे. मासळी विकणाऱ्या हिराबाईंचा नवरा डायलिसिसवर होता. आठवड्यातून तीनदा जात, ते दोनदा जाऊ लागले, मग एकदा. दिवाळीनंतर ते गेले.

"घरतनं आपले कधीच काढले असतील," असं आळी म्हणू लागली. मलाही तसंच वाटे, आणि रागही येई.

ठेवीच्या विम्याचे फॉर्म भरायला शाळेत रांग लागली, तेव्हा मी काकांच्या मागे होतो. त्यांचा फॉर्म दिसला. प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, सगळं त्याच बँकेत. विम्यातून मिळणार होतं त्याच्या कितीतरी वर. उरलेले परत मिळण्याची आशा नव्हती.

"काका, तुम्हाला तर माहीत होतं!"

त्यांच्या शेजारी धाकटी बहीण वत्सला उभी होती. वीस वर्षं ती घरोघर फिरून बँकेसाठी रोजची बचत गोळा करायची. नवरा गेल्यावर त्याच कमिशनवर तिने दोन मुली वाढवल्या होत्या.

"दोनदा काउंटरवर गेलो," काका म्हणाले. "हिनं हात धरला. म्हनली, दादा, सख्ख्या भावानं काढले तर मला दारात कोन उभं करील? मंग मीच पैसे काढायची स्लिप फाडली."

काकांनी फॉर्मची घडी घातली.

"मी काढले असते, तर बघून गावानं काढले असते. संचालकांना घाम फुटला असता, कर्ज थांबलं असतं. जगाला तेच सांगत होतो ना मी? हिराबाईचा मानूस जगला असता, मास्तर."



त्यानंतर वत्सलाला कोणी दारात उभं करीना. म्हणून तिच्या खातेदारांचे विम्याचे फॉर्म भरून द्यायला काका तिच्याबरोबर घरोघर जाऊ लागले. शिव्या पडल्या की पुढे होऊन स्वतः घेत. हिराबाईंचं घर त्यांनी शेवटी ठेवलं होतं. मला म्हणाले, "मास्तर, तुमी पन चला."

हिराबाई ओटीवर मासळी निवडत बसल्या होत्या. त्यांनी बराच वेळ वर पाहिलं नाही. मग हात धुतले आणि चटई पुढे सरकवली.

"वत्सले, तू बस," त्या म्हणाल्या.

काकांना त्यांनी बसायला सांगितलं नाही. ते अंगणात, भर उन्हात उभे राहिले आणि तिथूनच हातातल्या कोऱ्या फॉर्मवरून एकेक रकाना वाचून दाखवू लागले. वत्सला लिहीत होती. मयत खातेदाराचं नाव आलं, तेव्हा त्यांनी तो फॉर्म माझ्या हातात दिला, आणि पुढचा रकाना मी वाचला.