मेंटेनन्सवाल्याच्या घरचं मशीन

चोवीस वर्षं मी वाळूजच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होतो. हत्तीएवढाले प्रेस दुरुस्त केलेत मी! तिथं कपडे धुवायच्या मशीनची काय बिशाद?

म्हणून निशा, आमची मंडळी, जेव्हा म्हणाली, "अहो, मशीन धुतंय पण पिळत नाय. मेकॅनिकला फोन लावा," तेव्हा मी नुसता हसलो.

"घरात मेकॅनिक असताना?"

"घरात रिकामा माणूस आहे!"

वर्षापूर्वी कंपनीनं मला घरी बसवलं, तेव्हापासून तिची जीभ ब्लेडसारखी झालीय.

आमच्या मुकुंदवाडीतल्या गल्लीत त्या दिवशी आठवड्यानं नळाला पाणी आलं होतं. म्हणजे आठ दिवसांचे कपडे एकदम! शिवाय दुसऱ्या दिवशी निशाच्या अंगणवाडीची तपासणी, आणि गणवेशाच्या दोन्ही साड्या मशीनच्या पोटात, पाण्यात बुडालेल्या.

मी मशीन पुढं ओढलं, मागचं झाकण खोललं.

"बेल्ट ढिला झालाय!" असं जाहीर करून बेल्ट काढला. निघाला झटक्यात, पण परत बसेना! रुसलेल्या जावयासारखा या बाजूनं बसवला की त्या बाजूनं उठायचा. अर्धा तास ही कुस्ती.

"व्हतंय का नाय?" निशानं विचारलं.

"व्हतंय! आधी आतलं पाणी काढतो."

मशीनला खाली एक गोल झाकण दिसलं. फिरवलं. आणि महिन्यात नळाला आलं नसेल एवढं पाणी त्या भोकातून आलं! मी तळहातानं भोक दाबून ओरडलो, "बादली आण!"

"सगळ्या बादल्या भरून ठेवल्यात! कुठली आणू?"

तेवढ्यात खालच्या मजल्यावरून गोजरबाई ओरडल्या, "ओ राजकुमारभाऊ! पंख्याखाली शेवया वाळत घातल्यात माझ्या! त्यांच्यावर पाणी गळायलंय की वो!"

 निशानं सरळ मेकॅनिकला फोन लावला.

तासाभरात शहागंजच्या दुकानातून माणूस आला. दारात सखाराम! कंपनीत माझ्या हाताखाली कंत्राटावर होता. 'याला पाना धरता येत नाही' असं मीच वर लिहून दिलं होतं, आणि त्याचं काम गेलं होतं.

"साहेब, तुम्ही!" त्यानं वाकून नमस्कार केला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

त्यानं मशीनच्या मागं डोकावलं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"पाणी जायचा पाइप चपटा झालाय, साहेब. पाणी निघत नाय, म्हणून मशीन पिळत नाय. कुणीतरी मशीन भिंतीला दाबलंय."

"कुणीतरी कशाला, ह्यांनीच!" निशा म्हणाली. "परवा. ह्यांची आरामखुर्ची मावावी म्हणून!"

सखारामनं पाइप सरळ केला, बेल्ट एका हातानं चढवला, सगळी झाकणं लावली. मशीन गरगरा फिरायला लागलं. साड्या वाचल्या. निशा मात्र माझ्याकडं असं बघत होती, की आता मलाच आत घालून पिळते की काय!

"वहिनी, साहेबांना बोलू नका," सखाराम पाने आवरत अगदी मायेनं म्हणाला. "त्यांचं पहिल्यापासून असंच. कंपनीतपण साहेब मशीन खोलून ठेवायचे, आणि मागून आम्ही जोडायचो."

निशा खो खो हसली. माझी नोकरी गेल्यापासून ती एवढं कधी हसली नव्हती.

खोटं आहे, असं सांगायला मी तोंड उघडलं. पण खोटं नव्हतं ते.