बिजागरीचं भागभांडवल

बेकरीवाल्यांच्या भट्टीच्या लोखंडी दाराची बिजागरी सकाळचा पहिला घाणा आत असतानाच तुटली. दार लोंबकळलं, धग बाहेर आली आणि अर्धे पाव फुगता फुगता बसले. बेकरीवाल्यांना अगदी भरून आलं. स्वतःच्या हातानं मळलेला पाव टम्म फुगून बाहेर यावा, यापलीकडे त्यांना आयुष्याकडून काही नको होतं. त्यांनी दारावर गोणपाट टाकलं, त्याला पाठ लावली आणि दुसरा घाणा कसाबसा पार पाडला.

"लोहाराला बोलवा," बायको म्हणाली. "चहापाण्याच्या पैशांत काम होईल."

झालंही असतं. पण नेमके त्या दिवशी जावईबापू जेवायला आले. जावईबापू अर्थशास्त्र शिकलेले होते, आणि शिकलेलं वाया जाऊ नये अशी त्यांची फार तळमळ होती.

"खिशातून बिजागरी?" त्यांचा घास हातातच राहिला. "बाबा, स्वतःच्या पैशांवर धंदा अडाणी माणूस करतो. सभ्य मार्ग दोनच. कर्ज काढा, नाहीतर धंद्यातले भाग विका."

"पण पैसे आहेत की माझ्याकडे."

"हे बाहेर कुठे बोलू नका."

जावयाचा शब्द मोडायचा कसा? बेकरीवाले डोक्याला तेल लावून बँकेत गेले. व्यवस्थापकांनी त्यांना अदबीनं बसवलं. मागे तिजोरीच्या जाडजूड दाराला पाठ लावून एक शिपाई उभा होता. त्याला पाहून बेकरीवाल्यांना उगाचच आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

"तारण काय ठेवणार?"

"भट्टी."

"सुस्थितीत आहे?"

"दार सोडून."

"मग आधी दार बसवून घ्या. ते बसलं की दारासाठीचं कर्ज लगेच मंजूर."

"अहो, पण दार बसल्यावर कर्ज कशाला लागेल?"

"ज्यांना लागत नाही त्यांनाच तर आम्ही विश्वासानं देतो," व्यवस्थापक मायेनं म्हणाले.

जावईबापूंना हे ऐकून आनंदच झाला. "बरं झालं! कर्ज म्हणजे डोक्याला ताप. ते परत करावं लागतं. भागभांडवलाचं तसं नाही. लोक पैसे देतात आणि परत मागत नाहीत."

"मग देतात कशाला?"

"विश्वासानं."

"माझ्यावरच्या?"

"छे! दुसरेही देताहेत यावरच्या."

एका बिजागरीसाठी कोण पैसे घालणार? म्हणून जावईबापूंनी तिचं नाव बदललं. 'उष्णता-प्रवेश नियमनातील झेप' असा फलक बेकरीवर लागला आणि गल्लीत झुंबड उडाली. चपलांचे दुकानदार सगळ्यांत पुढे. ते दुकान उघडं टाकून रांगेत उभे राहिले. बेकरीवाल्यांच्या बायकोनंही साठवलेल्या पैशांतून दोन भाग घेतले.

"अगं, बेकरी आपलीच आहे ना?"

"म्हणून काय झालं? सगळे घेताहेत, मीच काय घोडं मारलंय?"

निम्म्याहून एक भाग जास्त विकला गेला. त्या एका भागाचं महत्त्व बेकरीवाल्यांना पहिल्या सभेत कळलं. सभा भट्टीसमोर भरली, कारण तिथे ऊब होती. चपलांचे दुकानदार एकमतानं अध्यक्ष झाले. बेकरीवाले दाराला पाठ लावून उभे होते.

"बिजागरीचा विषय घ्या," ते म्हणाले. "पाठ भाजतेय."

अध्यक्षांनी बिजागरीच्या अभ्यासासाठी समिती नेमली. समितीला बसायला खुर्च्या हव्यात, असा ठराव आला. खुर्च्यांचा रंग कोणता, यावर चर्चा रंगली. तेवढ्यात दारामागून वास आला.

"अहो, पाव करपतोय! सरका, बाहेर काढू द्या!"

"विषयपत्रिकेवर नाही," अध्यक्ष शांतपणे म्हणाले. "आयत्या वेळच्या विषयांत घेऊ."

आयती वेळ आली तेव्हा पावाचा कोळसा झाला होता. सगळे त्याच्याकडे बघत राहिले. पाव जळाला म्हणावं तर भागाची किंमत पडणार. शेवटी अध्यक्षांनी एक तुकडा मोडून कुरकुर चावला आणि 'दणकट आहे' असा शेरा दिला. मग सगळ्यांनी खाल्ला. बायकोनं तर घरी न्यायला बांधून घेतला. बेकरीवाल्यांना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी पाठ खाजवली.

समितीचा अहवाल आला तेव्हा सगळं भांडवल खुर्च्यांत बसलं होतं. अहवाल स्पष्ट होता. बिजागरी गंजते, करकरते आणि विकत आणावी लागते. बेकरीवाले गंजत नाहीत, फारसे करकरत नाहीत आणि आहेतच. सबब, त्यांची 'प्रभारी दार' या पदावर कायम नेमणूक व्हावी.

"आणि पीठ कोण मळणार?" बेकरीवाले ओरडले.

"दारानं मध्ये बोलू नये," अध्यक्ष म्हणाले. ठराव मंजूर झाला. बायकोचा हात वर गेलेला बेकरीवाल्यांनी पाहिला.

"अहो, भाव वाढेल म्हणाले जावईबापू," ती पुटपुटली.

पीठ मळायला कुणी नाही म्हणून पाव नाही, पाव नाही म्हणून नफा नाही, आणि भागधारकांना लाभांश तर हवा.

"मग आता कर्ज काढू," जावईबापू म्हणाले.

"कर्ज म्हणजे डोक्याला ताप म्हणाला होतात ना?"

"तेव्हा तुम्ही एकटे होतात. आता मंडळ आहे. ताप वाटून घेता येतो."

यावेळी बँकेचा माणूस घरी चालत आला. त्यानं खुर्च्या मोजल्या, भट्टीवर टकटक केली, बेकरीवाल्यांच्या खांद्यावर टकटक केली आणि तारणात लिहिलं, 'भट्टी, नग एक, दारासह.' कर्ज मिळालं. लाभांश वाटला गेला. गल्लीत आनंदीआनंद झाला आणि पहिल्याच हप्त्याला मंडळ कुणाच्या दृष्टीस पडेना.

जप्ती आली. भट्टी विटांची, ती काही उचलेना. मग जे सुटं होतं ते बँकेनं नेलं, म्हणजे लोखंडी दार आणि बेकरीवाले.

बँकेत शिपाई त्यांची वाटच पाहत होता. "या दादा," तो पाठ चोळत म्हणाला आणि रजेवर गेला. बेकरीवाल्यांनी तिजोरीला पाठ लावली आणि त्यांना सगळं समजलं.

"इथेही बिजागरीच का हो?"

"हळू बोला," व्यवस्थापक कुजबुजले. "कर्ज काढावं की भाग विकावेत, यावर वरती विचार चालू आहे."

दुसऱ्या दिवशी बायको डबा घेऊन आली. तिचे डोळे सुजले होते. डब्यात पोळीखाली एक नवी कोरी बिजागरी होती, चहापाण्याच्या पैशांत लोहाराकडून आणलेली.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "ही लावा आणि घरी चला. पीठ भिजवून आलेय."

बेकरीवाल्यांनी बिजागरी छातीशी धरली. पण व्यवस्थापकांनी ती हळूच काढून घेतली. बँकेचे भाग विक्रीला निघालेच होते. भांडवल उभारणी चालू असताना बिजागरी सापडली, तर भांडवल कशासाठी उभारतोय म्हणून सांगणार?

विक्री जोरात झाली. तुम्हीही अर्ज केलात, शेजाऱ्यानं केला म्हणून. अभिनंदन, तुम्हाला भाग मिळाले आहेत. तुमची ठेवही त्याच दारामागे आहे. बेकरीवाले दुपारी चार वाजता चहाला जातात, तेवढा वेळ मालकांपैकी कुणीतरी येऊन दार धरावं असं ठरलं आहे. उद्या तुमची पाळी. येताना गोणपाट घरून आणा.