भाऊसाहेबांच्या मागचा माणूस

सावेडीतच काय, सबंध जिल्ह्यात माझ्या तोडीचा गुप्तहेर नाही. हे वाक्य मी दोनदा खोडलं, कारण मी जिल्हाभर चौकशी केलेली नाही आणि अनोळखी माणसाला काही विचारायचं म्हटलं की मी नुसता वाक्य जुळवत बसतो. शाळेच्या ग्रंथालयात चौतीस वर्षं काढल्यामुळे रहस्यकथांचं कपाट तेवढं पाठ आहे. आजवर तीन प्रकरणं हाताळली. त्यातली दोन चष्म्याची होती आणि दोन्ही वेळा तो माझ्याच कपाळावर सापडला. तिसऱ्याबद्दल न बोललेलं बरं.

चौथं प्रकरण नातीनं आणलं. ज्ञानेश्वरी नुकतीच स्वतंत्रपणे फोटोग्राफी करू लागली आहे. पहिलंच मोठं काम म्हणजे श्रीगोंद्याकडच्या सहा गावांतल्या भाऊसाहेबांच्या प्रचारसभा. भाऊसाहेब उमेदवार. रविवारी ती त्यांच्यामागे दिवसभर धावली, सोमवारी सकाळी फोटो पाठवले आणि दुपारी प्रचाराचं बघणाऱ्या सुनीलरावांचा फोन आला.

"मॅडम, सहाही गावांत भाऊसाहेबांच्या मागं एकच माणूस हाय. आमच्यात त्याला कुनी वळखत न्हाई. विरोधकांचा असला तर? पाचपर्यंत कोन ते सांगा, न्हाईतर उद्याच्या सभेला दुसरा फोटोग्राफर बघतो."

"आजोबा, पहिलंच काम आहे हो," ज्ञानेश्वरी रडवेली झाली. "मी भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर फोकस धरून होते. मागचा कोण बघतंय?"

मी भिंग काढलं. लॅपटॉपवर भिंग धरलं की नुसते रंगीत ठिपके दिसतात, हा माझा पहिला शोध.

भिंग ठेवून दिल्यावर माणूस दिसला. पन्नाशीचा, मिशीवाला, खांद्याला पिशवी. सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते. हा मात्र एकटक भाऊसाहेबांच्या डोक्याकडे.

"मारेकरी," मी कुजबुजलो.

"सहा वेळा संधी मिळूनही नुसता उभा राहिला?"

"भिडस्त असेल." मला अशा माणसांचं मन कळतं.

"आजोबा!"

"मग हे सहा वेगळे भाऊ असणार. एकच माणूस एका दिवसात सहा गावांत कसा असेल?"

"मी नव्हते का?"

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी तिच्याकडे संशयानं पाहिलं आणि लगेच माझी मलाच लाज वाटली.

"भाऊसाहेबांच्या फेट्यात हिरे लपवलेत," मी शेवटचा तर्क मांडला. ज्ञानेश्वरीनं घड्याळाकडे पाहिलं. साडेचार वाजले होते.

तेवढ्यात आमच्याकडे कामाला येणाऱ्या छबूबाई भांडी आवरून हात पुसत आल्या. त्या मूळच्या श्रीगोंद्याकडच्या.

"आगं बया, ह्यो तर छगन! फेटंवाला."

"काय?" आम्ही दोघंही ओरडलो.

"सभेला, लग्नाला फेटं बांधतो. आमच्या मोनिकाच्या लग्नात बी नवरदेवाच्या मागं असाच हुबा हुता. भाड्याचं फेटं असत्यात, काका. पावना तसाच गाडीत बसून गेला, की गेला फेटा. मंग नजर ठिवायलाच लागती."

ज्ञानेश्वरीनं भराभर फोटो मोठे केले. सहाही गावांनी भाऊसाहेबांना मानाचा फेटा बांधला होता. सहाही फेट्यांवर डाव्या कानाच्या वर चहाचा तोच डाग होता.

"मी त्याच दिशेनं चाललो होतो," मी म्हणालो.

"व्हय तर," छबूबाई म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघाल्या.

पाचाला पाच कमी असताना ज्ञानेश्वरीनं फोन लावला. सुनीलरावांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी भाऊसाहेब कालपास्नं सांगत्यात, सहा गावांनी सहा फेटे बांधले, त्यो एकच?"

"हो."

"त्यांना बोलू नका. डागाचे फोटो बाजूला काढा. उद्या नऊला या. आन् त्या छगनला फोटोबाहेर ठेवा."

छगनला बाजूला करायची जबाबदारी मी घेतली. ज्ञानेश्वरी नको म्हणाली, पण मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सभेत मी त्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहिलो. "जरा सरकता का?" एवढंच म्हणायचं होतं. मी मनात वाक्य जुळवलं. "कृपया" घातलं, काढलं, पुन्हा घातलं. तोवर सभा संपली.

संध्याकाळी सुनीलरावांचा फोन आला. "मॅडम, फोटो झकास. छगन परत फोटोत आलाय, जाऊ द्या. पन त्याच्या मागं हुबा राहून त्याच्याकडं टक लावून बघतोय, त्यो म्हातारा कोन?"

ज्ञानेश्वरीनं माझ्याकडे पाहिलं.

"तो आमचाच आहे," ती म्हणाली. "पुढच्या सभेला घरी ठेवून येते."